तेरेक, मी उलार

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. मीही आधी हसलो होतो.

हे घडलं आमच्या नारीन भागात, सारी-मोयनोक घाटाच्या माथ्यावर, बर्फावर नजर ठेवणाऱ्या सरकारी चौकीत. फेब्रुवारी महिना. अंधार पडायची वेळ.

ज्या बाईच्या बाबतीत घडलं तिचं नाव साबिरा. आम्ही एकाच कार्यालयात काम करतो. माझ्याहून थोरली, म्हणून मी तिला एजे म्हणतो, ताई म्हणावं तसं. थापा मारणाऱ्यांतली ती नाही. खरं तर बोलणाऱ्यांतलीच नाही.

पण एके काळी साबिराचं कामच बोलण्याचं होतं.

तेव्हा घाटांवरच्या चौक्या रोज संध्याकाळी वायरलेसवरून खबर द्यायच्या. बर्फ किती पडला, वारा कसा आहे, रस्ता दिसतो का. खाली नारीन शहरातल्या कार्यालयात ती खबर घ्यायला साबिरा बसायची. वायरलेसवर प्रत्येकाला टोपणनाव असे. कार्यालयाचं नाव तेरेक, म्हणजे पॉप्लरचं झाड. सारी-मोयनोकचं नाव उलार. उंच कड्यांवर राहणारा रानकोंबडा.

उलार म्हणजे मेदेर नावाचा माणूस. कित्येक हिवाळे तो त्या चौकीत एकटा राहिला.

साबिराने त्याला कधीच पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात तो घाटाच्या पलीकडच्या बाजूने आपल्या गावी उतरायचा. नारीनला यायचाच नाही. तिच्यासाठी तो नुसता आवाज होता.

"तेरेक, तेरेक, मी उलार."

"बोल, उलार."

आकडे सांगून झाले की शेवटी तो विचारायचा, "वर कोणी येतंय का?"

तो नियमच होता. रस्त्यात गाडी असेल तर चौकीला ठाऊक हवं. पण मेदेर ते असं विचारायचा, जणू त्याने दाराला कडीच लावलेली नाही.

"नाही, उलार. आज कोणी नाही."

"बरं. मग चहा एकाचाच टाकतो."

रोज तोच विनोद. आणि साबिरा रोज हसायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी दूर परदेशी, कझानला नोकरीला. अख्ख्या दिवसात ती हसायची ती तेवढीच.

शेवटच्या वर्षी चौकीजवळच्या उतारावर, कड्यावर साचणारा बर्फ मोजणाऱ्या यंत्रांचा टॉवर उभा राहिला. त्याचे आकडे बघायला एक लॅपटॉप आला. "एका बोटाने टाइप करायला शिकतोय," मेदेरने तिला सांगितलं होतं. "एक अक्षर दाबतो, मग दुसरं शोधायला डोंगर चढतो."

मग एका वादळी संध्याकाळी तो उतारावरचे बर्फ मोजायचे खांब बघायला बाहेर पडला...

आणि परत आलाच नाही.

त्या संध्याकाळी साबिरा वायरलेसवर हाका मारत राहिली. घसा बसला तरी मारत राहिली. पलीकडून फक्त खरखर.

वसंतात बर्फ वितळल्यावर माणसं कुत्री घेऊन गेली. काही सापडलं नाही. एक बूटसुद्धा नाही.

त्यानंतर वायरलेस बंद झालं. साबिराने यंत्रदुरुस्तीचं शिक्षण घेतलं आणि काँप्युटरच्या कामाला लागली. त्या चौकीत मात्र तिला जावं लागलं नव्हतं.

त्या फेब्रुवारीपर्यंत.

चौकीतला जुना लॅपटॉप जळला. कार्यालयाने नवा कोरा दिला. पण टॉवरचा प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालेना. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. उपाय एकच. नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज चढवायची.

"एजे, इथेच करून न्या की," मी म्हटलं होतं.

"टॉवरची वायर जोडून बघावं लागतं. तिथेच करते," ती म्हणाली.

तिला एकदा ती चौकी बघायची होती, हे मला फार नंतर कळलं.

वर तेव्हा तुर्दाकुन नावाचे म्हातारे गृहस्थ असायचे. सगळे त्यांना तुराके म्हणतात. त्यांनी चहा, बोरसोक म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, आणि लोणी पुढ्यात ठेवलं आणि लॅपटॉपकडे बघत दाढी खाजवली.

"म्हणजे नव्या घोडीवर माझ्या आज्याचं खोगीर घालणार तू?"

"तसंच काहीसं, तुराके."

"घोडी लाथ मारेल."

"मारू दे. तुम्ही लांब बसा."

दुपारी बर्फ हटवणारा ट्रॅक्टर वर आला. चुलीचा कोळसा संपत आला होता. तुराके ट्रॅक्टरवाल्या बोलोतबरोबर खाली निघाले. कड्याखालच्या वळणावर, रस्ता बर्फापासून वाचवायला बांधलेला काँक्रीटचा बोगदा आहे. तिथे कोळशाची पोती ठेवलेली असतात.

"अंधाराच्या आत येतो. घाबरशील का एकटी?"

"मी घरीही एकटीच असते."

तुराके टोपी कानांवर ओढून गेले.

ट्रॅक्टरचा आवाज वळणापलीकडे विरला.

आणि बर्फ पडायला लागला.

साबिरा कामाला लागली. लॅपटॉपची सुरुवातीची कुलपं काढली, पेनड्राइव्ह लावला, जुनी विंडोज चढू लागली. सगळं सुरळीत. लॅपटॉप आपोआप बंद झाला, पुन्हा सुरू झाला. निळा पडदा. नाव विचारणारी चौकट.

तिने कळ दाबली.

काहीच नाही.

टचपॅडवर बोट फिरवलं. बाण जागचा हलेना. बाहेरचा माउस लावला. तोही मुका.

चूक तिच्या लगेच लक्षात आली. जुन्या विंडोजला नवा कीबोर्ड, नवा टचपॅड ओळखता येत नाही. ती ओळख करून देणाऱ्या फायली पेनड्राइव्हमध्ये आधीच घालाव्या लागतात. तिने त्या विंडोज चढवणाऱ्या पहिल्या भागात घातल्या होत्या. दुसऱ्या भागात, म्हणजे चढलेल्या विंडोजमध्येच, राहून गेल्या होत्या. आता दुसरा चालू काँप्युटर हवा. तो खाली नारीनला.

म्हणजे पडद्यावर प्रश्न होता आणि उत्तर द्यायला हात नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. त्या चौकीत फक्त एका खिडकीपाशी रेंज येते. ती तिकडे धावली.

"साबिरा, आम्ही बोगद्यात आहोत," तुराके ओरडत होते. "बोलोत म्हणतो, बर्फ वाढायच्या आत वर निघू. कड्यावरचा बर्फ कसा आहे? टॉवर काय म्हणतो?"

"टॉवर अजून बोलत नाही."

"मग तुझी घोडी काय करतेय?"

"लाथ मारलीन. तुराके, थांबा जरा. मला बघू दे."

"थोडा वेळ थांबतो. मग निघतो. इथे बसलो तर गोठून मरू."

आवाज तुटला.

साबिरा खिडकीतून बघत राहिली. कडा दिसतच नव्हता. त्या कड्याखालूनच ट्रॅक्टर वर येणार होता. आणि कड्यावर किती बर्फ साचलाय, हे फक्त टॉवरला ठाऊक होतं.

बाहेर वारा पडला. एकदम.

इतकी शांतता, की चुलीतला निखारा फुटलेला ऐकू आला.

ती वळली...

नावाच्या चौकटीत एक अक्षर उमटलं होतं.

मे.

ती लॅपटॉपपासून चांगली चार पावलं लांब उभी होती.

बराच वेळ काही नाही. मग...

दे.

पुन्हा थांबणं. जणू कोणी पुढचं अक्षर शोधतंय.

मग र.

तिने पुढे होऊन माउसची वायर उपटली. टॉवरची वायर काढली. कीबोर्डवर हात ठेवून बघितला. कळा थंडगार होत्या, आणि एकही दबत नव्हती.

तरी पडदा बदलला. आता पासवर्डची चौकट. तिथे ठिपके उमटू लागले. सावकाश. एकेक.

एक लक्षात घ्या. तो लॅपटॉप खोक्यातून काढलेला होता. मेदेरचं त्यात काही असणं शक्यच नव्हतं.

लॅपटॉप पुन्हा बंद झाला, पुन्हा सुरू झाला. आता पडद्यावर मेदेर हे नाव, आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. चौकटीखाली आठवण करून देणारी एक ओळ होती. पासवर्ड विसरला तर म्हणून लिहितात ती.

'संध्याकाळी कोण बोलतं?'

साबिरा खुर्चीत बसली.

उत्तर तिला ठाऊक होतं. जगात तिलाच ठाऊक होतं. पण टाइप करायला कळ चालत नव्हती.

तिने ओठ ओले केले. रिकाम्या खोलीत हळूच म्हणाली...

"तेरेक."

चौकटीत ठिपका उमटला. मग दुसरा. मग तिसरा...

आणि दार उघडावं तसा पडदा उघडला.

यानंतर जे झालं ते सांगताना साबिरा आजही हात मांडीवर घट्ट धरून ठेवते. पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. आधी कडेला गेला. चुकला. परत आला. हातात जाड हातमोजा असावा तसा अडखळत. त्याने पेनड्राइव्ह उघडला. टॉवरचा प्रोग्रॅम शोधला. तो चढवला.

मग थांबला. टॉवरची वायर तिने उपटली होती ना.

साबिराने वायर परत लावली.

आकडे आले. कड्यावरच्या बर्फाचं वजन दाखवणारी पट्टी वरपर्यंत लाल झाली होती.

ती खिडकीकडे धावली. रेंज नाही. फोन काचेला टेकवला. नाही. खुर्चीवर चढून वरच्या झडपेपाशी धरला, तेव्हा कुठे लागला.

"तुराके! हलू नका!"

"अगं, निघालोच आम्ही. बोलोतने ट्रॅक्टर सुरू केला."

"बंद करा म्हणावं! कडा भरलाय. कधीही सुटेल."

"टॉवर बोलला का?"

तिने वळून पडद्याकडे बघितलं. "बोलला."

"पण साबिरा, थंडी बघ ना..."

"पोती जाळा! ट्रॅक्टर जाळा! पण बोगद्याच्या बाहेर पाऊल टाकलंत तर माझ्याशी गाठ आहे, सांगून ठेवते!"

साबिराला इतक्या मोठ्याने बोलताना तुराकेंनी कधी ऐकलं नव्हतं. ते म्हणतात, त्या आवाजानेच ते थांबले.

फोन तुटला.

थोड्या वेळाने जमीन हलली. भांडी वाजली. मग लांबून, खालून, एक घरघर आली. डोंगराने घसा खाकरावा तशी... ती वाढत गेली, आणि थांबली.

कड्यावरचा बर्फ सुटला होता.

साबिरा खुर्चीवर तशीच उभी राहिली. फोन मुका. बाहेर काळोख. खालची माणसं बोगद्यात राहिली की बाहेर पडली, कळायला मार्ग नव्हता.

आणि तेव्हा मागून आवाज आला...

खर्रर्र...

वायरलेसची खरखर. जुनी. ओळखीची.

लॅपटॉपमधून येत होती. पडद्याच्या कोपऱ्यात स्पीकरच्या चित्रावर लाल फुली होती. म्हणजे या विंडोजला आवाज काढताच येत नव्हता. तीही ओळख राहून गेली होती.

तरी आवाज आला.

"तेरेक, तेरेक... मी उलार."

तिने तोंडावर हात दाबला.

"तेरेक, तेरेक, मी उलार. ऐकू येतंय का?"

तोच आवाज. किंचित बसका, शब्दाच्या शेवटी खाली जाणारा. त्या शेवटच्या संध्याकाळी ज्यासाठी ती घसा फोडत होती, तो.

"बोल... बोल, उलार."

त्याने खबर दिली. वारा वायव्येचा. बर्फ जोरात. रस्ता दिसत नाही. खांब दिसत नाहीत. चौकी दिसत नाही.

चौकी दिसत नाही... हे त्याने दोनदा सांगितलं.

मग रोजच्यासारखा थांबला. आणि विचारलं, "वर कोणी येतंय का?"

इतकी वर्षं तिने या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं. ते जिभेवर आलंही. तिने ते गिळलं.

"मी आलेय, मेदेर," ती म्हणाली. "मी वर आलेय. चौकीतच आहे."

खरखर थांबली.

खोली एकदम थंड पडली. चूल पेटलेली असून.

मग अगदी हळू, भांबावल्यासारखा तो म्हणाला...

"कुठे? मला दिसत नाहीयेस."

साबिराने कंदील उचलला. खिडकीत धरला. "हा बघ. खिडकीत दिवा आहे."

"दिसत नाही."

तिने विजेचा दिवा लावला, टॉर्च लावला. दार सताड उघडलं. बर्फ आत घुसला. ती उंबऱ्यात उभी राहिली, एका हातात कंदील, दुसऱ्यात टॉर्च. समोर नुसती पांढरी भिंत.

"मेदेर! इकडे! आवाजाच्या दिशेने ये!"

मागून, खोलीतून, तो बोलत होता. "तेरेक, मी चालतोय. दिवा दिसत नाही. तेरेक, तू बोलत राहा..."

ती बोलत राहिली. काय बोलली ते तिला आठवत नाही. नाव घेतलं असेल. मुलीबद्दल सांगितलं असेल. नारीनमधली वीज, पावाची रांग, काहीबाही. हात बधिर झाले, पापण्यांवर बर्फ धरला, तरी कंदील खाली केला नाही. कित्येक वर्षांत ती कोणाशी इतकं बोलली नव्हती.

पण आवाज जवळ येत नव्हता.

लांब जात होता.

"तेरेक... बोलत राहा..."

मग नुसती खरखर.

मग तीही नाही.

उजाडल्यावर तुराके आणि बोलोत चालत वर आले. बोगद्याच्या तोंडाशी त्यांनी बर्फातून वाट खणून काढली होती. ज्या वळणावर ते असायला हवे होते तिथे आता रस्ता नव्हताच. चौकीचं दार सताड उघडं होतं. साबिरा उंबऱ्यात बसलेली, विझलेला कंदील मांडीवर. बोलोतने तिला उचलून आत नेलं.

तुराके तिचे हात चोळत होते. चोळता चोळता त्यांची नजर पडद्यावर गेली. वरच्या कोपऱ्यात नाव होतं. मेदेर.

"हे तू लिहिलंस?"

"कळा चालत नाहीत, तुराके. तुम्हीच दाबून बघा."

त्यांनी दाबून बघितलं. मग टोपी काढली, दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि ओठांतल्या ओठांत दुवा म्हटली.

"पोरी, हे पुसून टाक. मेलेल्याला आपल्यात बसवून ठेवू नये."

"बसला असता तर बरं होतं," साबिरा म्हणाली. "तो अजून चालतोय."

मुका लॅपटॉप चौकीत ठेवून उपयोग नव्हता. तो खाली आणला, तेव्हा मी स्वतः बघितला. कीबोर्ड बंद, टचपॅड बंद, आवाज बंद, आणि मेदेरचं नाव. पुन्हा चालू केल्यावर पासवर्डची चौकट आली. आमच्या इंजिनियरने साबिराला पासवर्ड विचारला. तिने नकारार्थी मान हलवली. मग त्याने सगळं पुसलं आणि नव्याने, नीट, सगळ्या फायली घालून चढवलं. झटक्यात झालं. कळा चालल्या. गाणंसुद्धा वाजलं.

साबिरा शेजारी उभी होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "त्यातलं होतं ते कुठे जातं?"

"कुठे जाणार, एजे? जात नाही. नाहीसं होतं," इंजिनियर म्हणाला.

ती बाहेर निघून गेली.

त्या उन्हाळ्यात चौकीच बंद झाली. तुराके आता घरीच असतात. टॉवरला नवं यंत्र बसवलं, ते उपग्रहावरून आकडे थेट पाठवतं. माणसाची गरज नाही. चौकीला कुलूप घातलं. साबिराने हिवाळ्यात वर राहायची परवानगी मागितली होती, ती मिळाली नाही. वर्षअखेरीस ती निवृत्त झाली.

आकडे आता मी बघतो.

गेल्या जानेवारीत सारी-मोयनोकचे आकडे अचानक बंद पडले. असं होतं कधीकधी. यंत्राच्या डोळ्यावर बर्फाचा थर चढतो. तो हाताने खरवडून काढावा लागतो, आपोआप जात नाही. घाट बंद होता. आमचे साहेब म्हणाले, आता एप्रिलपर्यंत विसरा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा आला.

स्वच्छ. बरोबर. जणू काचेवरून कोणी हात फिरवला.

"वाऱ्याने थर पडला असेल," साहेब म्हणाले. मी नोंदी बघितल्या. वारा नव्हता. ऊन नव्हतं. थंडी तर बोट तुटावी अशी.

मी साबिराला घरी फोन केला. सगळं सांगितलं.

मग तिने विचारलं, "काही विचारलं का त्याने?"

मी म्हटलं, "एजे, ते यंत्र आहे. ते फक्त आकडे पाठवतं."

"हो," ती म्हणाली. "आकडेच." आणि तिने फोन ठेवला.

आता संध्याकाळी त्या खोलीत मी एकटाच असतो. ठरल्या वेळी पडद्यावर आकडा येतो. मग पुढचा येईपर्यंत काहीच नसतं. पूर्वी मी त्या वेळात चहा आणायला जायचो.

हल्ली जात नाही. उठायला लागलो की वाटतं, पलीकडे कोणीतरी उत्तरासाठी थांबलंय.

अजून तरी मी काही बोललेलो नाही.